मालिका ऑनलाइन टाकताय? तिसऱ्या भागापासून नडणाऱ्या या चुका टाळा

मालिकेचा पहिला भाग टाकताना सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात. चार वेळा पाहतात, दुसऱ्याला दाखवतात, मगच प्रकाशित करतात. गोची होते ती तिसऱ्या-चौथ्या भागाला. तोवर घाई सुरू झालेली असते, एडिटिंगला दुसरंच कुणी बसलेलं असतं आणि एक्स्पोर्टची सेटिंग कुठेही लिहून ठेवलेली नसते. प्रेक्षक मात्र सलग दोन-तीन भाग बघतो, त्यामुळे दोन भागांमधला फरक तुमच्याआधी त्याला जाणवतो.

त्याच नावाने फाइल बदलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. तिसऱ्या भागाच्या श्रेयनामावलीत एक नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करून व्हिडिओ पुन्हा एन्कोड केला आणि जुन्या फाइलींवरच चढवला. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं. तासाभरात निरोप यायला लागले. कुणाचं चित्र मधेच अडकत होतं, कुणाला एकच वाक्य दोनदा ऐकू येत होतं, कुणाला अजून जुनंच नाव दिसत होतं.

एचएलएस या नेटवर व्हिडिओ दाखवण्याच्या पद्धतीत व्हिडिओ अखंड जात नाही. त्याचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांची एक प्लेलिस्ट असते. सीडीएन, म्हणजे प्रेक्षकाच्या जवळून फाइल पुरवणारं सर्व्हरचं जाळं, हे तुकडे ठिकठिकाणच्या आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवतं. नाव तेच ठेवलं की कुठे यादी नवी आणि तुकडे जुने, अशी सरमिसळ होते. सीडीएनचा कॅशे (तिथे साठलेल्या प्रती) रिकामा करता येतो, पण प्रेक्षकाच्या ब्राउझरमध्ये साठलेलं त्याने पुसलं जात नाही.

म्हणून एकदा प्रकाशित झालेल्या फाइलीला हात लावू नका. दुरुस्तीसाठी नवा फोल्डर करा, सगळे तुकडे तिथे पूर्ण चढू द्या, तपासा आणि मगच प्लेअरमधला दुवा बदला. जुना फोल्डर दोन-तीन दिवस राहू द्या, कारण त्या क्षणी कुणीतरी भागाच्या मध्यावर असतं. भागाचा आयडी मात्र तोच ठेवा. प्रेक्षकाने कुठवर पाहिलं याची नोंद त्याच्याशी जोडलेली असते. आरएसएस फीडमधून (ॲपला नवे भाग कळवणाऱ्या यादीतून) मालिका देत असाल तर तिथेही हेच लागू. भागाची जीयूआयडी, म्हणजे फीडमधली त्याची ओळखखूण, बदलली की ॲपला तो नवाच भाग वाटतो आणि यादीत दोनदा दिसतो.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत

इथे आधी एक गोष्ट बघा: तफावत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच आहे, की वाढत जाते? सारखी असेल तर टाइमलाइनवर ऑडिओ सरकला आहे, तो जागेवर आणला की काम झालं. पहिल्या मिनिटाला जुळणारे ओठ तिसाव्या मिनिटाला मागे पडत असतील, तर संशय फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं यावर, घ्या. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डिंगचं फुटेज बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. कमी उजेडात फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम टिपतो, एडिटिंग सॉफ्टवेअर ३० धरून चालतं आणि फरक साचत जातो. मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, ते लगेच दिसतं. बदलता असेल तर एडिटिंगच्या आधीच हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर करून घ्या. एडिटिंग झाल्यावर सुधारायला गेलात तर प्रत्येक कट पुन्हा जुळवावा लागतो.

आवाजाची पातळीही भागागणिक बदलू देऊ नका. कानाने नव्हे, मीटरने मोजा. युरोपीय प्रसारण संघाची ईबीयू आर१२८ ही शिफारस प्रक्षेपणासाठी उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं एकक) सांगते, इंटरनेटवर बरेच जण उणे १६ ते उणे १४ च्या आसपास ठेवतात. आकडा कुठलाही धरा, पण पहिल्या भागाला जो धरला तोच शेवटपर्यंत.

व्हिडिओ सुरूच होत नाही, किंवा दर्जा बदलताना धक्का बसतो

थेट एमपी४ फाइल देत असाल तर तिची अनुक्रमणिका (कुठला भाग फाइलीत कुठे आहे, त्याची नोंद) फाइलीच्या शेवटी तर नाही ना, ते बघा. सर्व्हरने फाइलीचा हवा तेवढाच भाग दिला नाही, तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत पडदा काळा राहतो आणि पुढे सरकवणंही जमत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाचा फास्टस्टार्ट पर्याय ती अनुक्रमणिका सुरुवातीला आणून ठेवतो.

धक्क्यांचं कारण वेगळं. १०८०पी, ७२०पी, ४८०पी अशा वेगवेगळ्या दर्जाच्या सगळ्या प्रतींमध्ये की-फ्रेम (मागच्या चित्रावर न विसंबणारी पूर्ण चित्रं) एकाच क्षणी पडायला हव्यात. एक्स२६४ एन्कोडर मुळात २५० फ्रेमपर्यंत की-फ्रेम लांबवू शकतो, शिवाय दृश्य बदललं की मधेच एक टाकतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओला दर ५० फ्रेमला, म्हणजे दोन सेकंदांनी, की-फ्रेम पक्की करा आणि दृश्यबदलाची आपोआप ओळख बंद ठेवा.

४८०पी आणि ३६०पी गाळायचा मोह आवरा. नेट मंद असलेल्या माणसाला तीच प्रत भाग पूर्ण बघू देते. खर्चाचं गणितही आधी करा: ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) बिटरेटचा ४० मिनिटांचा भाग म्हणजे दर प्रेक्षकामागे दीड जीबी, हजार प्रेक्षकांना दीड टीबी.

सबटायटल नेमकी तेवढीच मागे-पुढे

सगळ्या ओळी बरोबर वीस सेकंद आधी येत असतील तर शीर्षकगीत नंतर जोडलं गेलं आहे. सबटायटल नेहमी अंतिम प्रतीवरच बनवा. अजिबात दिसतच नसतील तर एसआरटी या प्रकारच्या सबटायटल फाइलीचं नुसतं एक्स्टेंशन बदलून ती वेबव्हीटीटी म्हणून दिली गेलीय का, ते पाहा. वेबव्हीटीटी या वेबवरच्या सबटायटल प्रकाराला पहिल्या ओळीत WEBVTT हे स्वतःचं नाव लागतं आणि मिलिसेकंदांपूर्वी स्वल्पविराम नाही, टिंब लागतं. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच जतन करा, नाहीतर मराठी अक्षरांचा चिखल होतो.

फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक द्या, नाहीतर पहिल्यानंतर थेट दहावा भाग लागतो. पार्श्वसंगीताचा परवाना ऑनलाइन वापरासाठी आहे का आणि तो किती काळ चालेल, हे पहिल्या भागाआधीच लेखी घ्या. मालिका वर्षानुवर्षं नेटवर राहते.

प्रत्येक भाग जाहीर करण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, वायफाय बंद करून, लॉगिन न करता उघडा. मधूनच सुरू करा, मागे-पुढे सरकवा, सबटायटल चालू करा, शेवटची दोन मिनिटं पूर्ण बघा आणि पुढचा भाग आपोआप लागतोय का ते पाहूनच फोन परत द्या.