लष्करी डॉक्टर ते कॅन्सर सर्जन : वाट आणि वाटेतले खड्डे

आधी वर्षांचा हिशेब मांडा. एमबीबीएसची साडेचार, इंटर्नशिपचं एक, मग युनिटमधली नोकरी, एमएसची (सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीची) तीन, सर्जन म्हणून एखादं पोस्टिंग आणि शेवटी एमसीएचची (कॅन्सर सर्जरीतल्या पुढच्या पदवीची) तीन. सगळं सुरळीत झालं तरी पस्तिशी गाठली जाते. घरच्यांना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगून टाकावा.

बारावीनंतरचा सरळ दरवाजा म्हणजे पुण्याचं एएफएमसी, सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय. हे 1948 पासूनचं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे. इथे चूक होते ती अभ्यासात नव्हे, फॉर्ममध्ये. नीटचे गुण पुरेसे नसतात. एमसीसीच्या (वैद्यकीय प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या केंद्रीय समितीच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून पसंतीक्रमात एएफएमसी वेगळं निवडावं लागतं. ते राहिलं तर उत्तम गुण असूनही बोलावणं येत नाही. पुढे इंग्रजी आणि तर्कशक्तीची 40 प्रश्नांची, 30 मिनिटांची चाचणी असते, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजी उतारे वेळ लावून सोडवण्याचा सराव आधीपासून करावा.

दुसरा दरवाजा बाहेरून एमबीबीएस झालेल्यांसाठी : मुलाखतीतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन. मात्र त्याची मुदत ठरलेली असते, आणि एमएस-एमसीएचची सहा वर्षं त्यात बसवणं अवघड. कॅन्सर सर्जरीच करायची असेल तर पर्मनंट कमिशनचा विचार आधीच करा. बाँडची, म्हणजे ठरलेली सेवा न करता बाहेर पडल्यास भरायची, रक्कम आणि अटी बदलत राहतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय सही नको.

पहिलं पोस्टिंग बहुधा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसरचं, म्हणजे युनिटच्या डॉक्टरचं. इथे स्काल्पेल हातात येत नाही. उंचीवरचा श्वासाचा त्रास, हिमदंश, पाण्याची स्वच्छता, जवानांची वार्षिक तपासणी हीच कामं. पण कॅन्सरचा पहिला संशय इथेच येतो : तंबाखू लावणाऱ्याच्या गालातला पांढरा चट्टा, किंवा पंचविशीतल्या जवानाच्या वृषणातली न दुखणारी गाठ. तोंड उघडून बोटाने चाचपायची सवय इथेच लावून घ्या.

एमएसनंतर लष्करी रुग्णालयात सर्जन म्हणून काम सुरू झालं की खरी कसोटी लागते, कारण दोन सर्जरींचा स्वभाव उलटा आहे. गोळी लागलेला जवान थंड पडतोय, रक्त आम्लधर्मी होतंय, गोठत नाहीये, अशा वेळी ऑपरेशन आटोपशीर ठेवायचं : रक्तस्राव थांबवा, पोटात पॅक (रक्त दाबून धरणाऱ्या कापडी घड्या) ठेवा, आयसीयूत न्या, एक-दोन दिवसांनी परत उघडा. कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी. तिथे हाताची घाई अंगाशी येते.

घाईच्या चुका ठरलेल्या आहेत. मांडीतली गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा स्नायूंच्या आवरणाखाली असेल तर ‘चरबीची असेल, काढून टाकू’ म्हणायचं नाही. आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा, आणि सुई पुढच्या छेदाच्या रेषेतच. छेद घ्यावाच लागला तर पायाच्या लांबीला समांतर घ्या. आडवा घेतला तर सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर) निघाल्यावर दुसऱ्या वेळी कितीतरी जास्त मांस काढावं लागतं. ड्रेनही (जखमेतला स्राव बाहेर नेणारी नळी) छेदाच्या टोकाजवळूनच बाहेर काढा. लांबून काढला तर तो मार्गही कापावा लागतो. वृषणाच्या गाठीत अंडकोषाच्या पिशवीवर कधीही छेद नको, सुईही नको. आधी रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे कॅन्सरची खूण देणारे घटक पाहा आणि जांघेतून जा. पिशवी उघडली की कॅन्सर ज्या वाटेने पसरतो ती लसिकेची वाटच बदलते आणि पुढचं सगळं नियोजन विस्कटतं.

एमसीएचचा रस्ता नीट-एसएस या प्रवेश परीक्षेतून जातो आणि नोकरीत असताना खात्याची परवानगी लागते. अर्ज पुरेसा आधी वर पाठवा. कागद टेबलांवर मुक्काम करतात. जागा निवडताना नावापेक्षा रुग्णसंख्या पाहावी. परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सर रुग्णालय 1941 पासून चालू आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या लसिका ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, हा जुना वाद तिथल्याच अभ्यासाने 2015 मध्ये बराचसा मिटवला : आधी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के.

एमसीएचच्या तीन वर्षांत तंत्राइतकंच मोजायला शिकायचं असतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या नमुन्यात किमान 12 ग्रंथी तपासल्या जायला हव्यात. कमी निघाल्या तर सर्जनने कमी काढल्या की पॅथॉलॉजिस्टने कमी शोधल्या, हे दोघांनी बसून पाहावं. तोंडाच्या गाठीभोवती 5 मिलिमीटर निरोगी कड हवी. फॉर्मॅलिनमध्ये नमुना आकसतो, म्हणून टेबलावर सेंटिमीटरभर सोडून कापतात आणि कडांना दोऱ्याने खुणा करून पाठवतात. खूण नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

परतल्यावर पुण्याचं कमांड हॉस्पिटल, मुंबईचं नौदलाचं अश्विनी, दिल्लीचं लष्कराचं आर अँड आर अशा कॅन्सर विभाग असलेल्या ठिकाणी पोस्टिंग मिळणं महत्त्वाचं. छोट्या रुग्णालयात गेलं की शिकलेला हात गंजतो. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारणपणे 20 वर्षांची सेवा लागते, त्यामुळे बाहेर पडण्याचा विचार बहुतेक जण त्या सुमारास करतात. तेव्हा उपयोगी पडते ती स्वतःची नोंदवही : रुग्णाचं नाव न लिहिता निदान, टप्पा, शस्त्रक्रिया, कडा, ग्रंथींची संख्या आणि 30 दिवसांतली गुंतागुंत. ती एमएसच्या पहिल्या महिन्यापासून लिहायला घ्या, नंतर आठवून भरता येत नाही.