तुमचा नंबर कुणी ‘तसल्या’, म्हणजे अश्लील, जाहिरातीत टाकला असेल तर

रात्री अनोळखी फोन सुरू झाले की पहिला मोह होतो सिम बदलण्याचा. थांबा. नंबर चालू ठेवा, कॉल लॉग पुसू नका. फोन करणाऱ्याला शांतपणे विचारा, नंबर कुठे मिळाला? बऱ्याचदा तोच लिंक पाठवतो.

मग पुरावा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या: वर वेबपत्ता, खाली तारीख-वेळ, काहीही न कापता. बहुतेकांचं इथेच चुकतं. फक्त फोटो कापून ठेवतात आणि पत्ता हातचा जातो. लिंक वेगळी लिहून ठेवा. हे झाल्यावरच साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. जाहिरात आधीच उडाली तर दाखवायला काही उरत नाही.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, क्रमांक जपा. अंधेरीत राहता आणि दादरला आहात? दादरच्या पोलीस ठाण्यातही झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवला जाणारा गुन्हा, दाखल होतो: बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173. संमतीशिवाय खासगी अवयवांचा फोटो टाकला असेल तर आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम 66ई सांगा: 3 वर्षांपर्यंत कैद.

जाहिरात काढायचे पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, मागणी वाढतच जाते. आणि लाज तुमची नाही, हे घरच्यांनाही ठणकावून सांगा.