गॅस बार्बेक्यू कव्हरखाली ठेवताय? या चुका टाळा

मोसमातला शेवटचा बेत पार पडला, शेगडी निवली, वरून कव्हर ओढलं की आपण सुटलो असं वाटतं. घोटाळा तिथेच होतो. कव्हर बाहेरचा पाऊस अडवतं खरं, पण आतली ओल, मीठ आणि चरबीचा चिकटाही जपून ठेवतं. काही महिन्यांनी उघडलं की जाळीवर गंज, ट्रेमध्ये बुरशी आणि कधीकधी उंदरांच्या लेंड्या.

म्हणून शेवटच्या दिवशी सगळे बर्नर मोठे करून पंधराएक मिनिटं जाळी तापवा. करपलेलं अन्न कोरडं होऊन ब्रशने सुटतं. ब्रश तारांचा आणि झिजलेला असेल तर मात्र टाकून द्या; सुटलेली बारीक तार जाळीला चिकटते आणि पुढे घासाबरोबर पोटात जाते. बिडाची जाळी कोरडी करून तेलाचा हात फिरवा. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे पडायला लागले की अनेकांना रंग उडाल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ती धूर-चरबीची साचलेली काजळी असते, खरवडली की निघते. चरबीचा ट्रे रिकामा करा, नाहीतर पुढच्या वेळी पेट घेईल. इग्नायटरमधला सेल काढून ठेवा. सगळं खडखडीत वाळल्यावरच कव्हर.

आता सिलिंडर. तो ‘सुरक्षित’ राहावा म्हणून गॅरेजमध्ये किंवा तळघरात ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. गळालेला गॅस वर उडून जात नाही, जमिनीलगत साचत राहतो आणि मग दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडर सोडवा, तोंडाला टोपी लावा आणि बाहेर, मोकळ्या हवेत, उभाच ठेवा. शेगडी आत आणली तरी सिलिंडर बाहेरच. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, तेव्हा त्याला थंडी बाधेल ही काळजी नको.

नव्या मोसमात ज्योत पिवळी, मरगळलेली दिसली किंवा नॉबच्या मागे जाळ दिसला, तर लगेच गॅस बंद करा आणि आधी कोळ्यावर संशय घ्या. बर्नरच्या ज्या नळीत गॅस आणि हवा मिसळतात, ती त्याला घरट्यासाठी फार आवडते. जरासं जाळंही पुरतं: वाट अडली की गॅस मागे येतो आणि भलत्याच जागी पेटतो. बर्नर काढून नळीत बाटलीचा ब्रश फिरवा, छिद्रं बारीक तारेने मोकळी करा. टूथपिक नको, टोक आत मोडतं.

ज्योत निळी आहे, पण इवलीशी? सिलिंडर झटक्यात उघडला असेल. अनेक रेग्युलेटर अशा वेळी गळती समजून प्रवाह आवळतात. सगळे नॉब आणि सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर काढा, दोनेक मिनिटं थांबा, पुन्हा जोडा आणि सावकाश उघडा. नवा रेग्युलेटर आणायला पळण्याआधी एवढं करून पाहा.

पेटवण्याआधी पाइपला आणि जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस बंद करा आणि जोड घट्ट करा. पाइपला भेगा असतील तर पाइपच बदला. आणि पेटवताना झाकण उघडं हवं. पहिल्या प्रयत्नात पेटलं नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. खटाखट बटण दाबत बसलात तर भुवया जातील.