माळ्यावरचा जुना चिनीमातीचा वाडगा: ओळखायचा कसा, किंमत काढायची कशी

घर रिकामं करताना पितळेची भांडी सगळे जपून उतरवतात आणि चिनीमातीचे वाडगे भंगारवाल्याला तसेच देऊन टाकतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आज लिहायलाच बसले. सगळेच वाडगे किमती नसतात, पण टाकायच्या आधी दहा मिनिटं द्या.

आधी कोमट पाण्याने धुवा, भिजत मात्र ठेवू नका, ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराला, बारीक चिरा असतील तर पाणी आत मुरतं आणि डाग वर येतात. तारेची घासणी नकोच, सोनेरी काठ लगेच निघून जातो. पुसून खिडकीपाशी उजेडात न्या.

आता उपडा घाला. लोक आधी फुलं बघतात, मी आधी बूड बघते. वाडगा ज्या कडेवर टेकतो तिथे ग्लेझ नसतं किंवा झिजलेलं असतं, तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. चटकन शोषला तर अर्थनवेअर, म्हणजे कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती; तसाच राहिला तर स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेलं, घट्ट) नाहीतर पोर्सलेन (पांढऱ्या बारीक मातीचं). पोर्सलेन पातळ असेल तर मोबाईलचा टॉर्च लावल्यावर उजेड आरपार येतो, मागे धरलेल्या बोटांची सावलीसुद्धा दिसते. बुडाशी तीन बारीक खडबडीत ठिपके दिसले तर घाबरू नका, भट्टीत भांडं ज्या टोकदार टेकूवर ठेवलेलं त्याच्या त्या खुणा.

मग शिक्का. आपल्याकडच्या जुन्या बाजारांत स्फिंक्सचं (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) चित्र आणि मास्त्रिख्त असं गावाचं नाव असलेले वाडगे दिसतात, ते हॉलंडच्या पेत्रुस रेगूच्या कारखान्याचे. हा कारखाना 1836 चा, 1899 मध्ये त्याचं नाव ‘स्फिंक्स’ झालं, पण शिक्क्यात रेगू हे नाव नंतरही येत राहिलं, म्हणून नुसतं नाव वाचून "1899 च्या आधीचा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. देशाचं नाव जास्त कामाचं: 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते लिहावं लागायचं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर बहुतेक त्यानंतरचा आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर साधारण विसाव्या शतकातला. ‘ऑक्युपाईड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा, 1952 पर्यंतचा. बेंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, परशुराम पॉटरी हे आपले शिक्के, यांनाही हलकं समजू नका.

शिक्का खोटाही मारता येतो, झीज नीट जुळवणं अवघड असतं. खऱ्या वापरातल्या वाडग्यात आत चमच्याचे ओरखडे तळाशी जास्त, काठाकडे कमी, आणि बुडाची कड एका बाजूला जास्त झिजलेली. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला वाडगा सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो. नक्षीत रेघा कुठेतरी जुळत नसतील तर ती छापाच्या कागदाची जोड, म्हणजे नक्षी कागदावरून उतरवलेली, ट्रान्सफर प्रिंट. ब्रशने काढलेलं फूल दरवेळी थोडं वेगळं येतं.

आता तडे. वाडगा तळहातावर ठेवून टिचकी मारा, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग डोळे मिटून काठावरून नख फिरवा. एकदा मी सकाळच्या घाईत निळ्या नक्षीचा मोठा वाडगा घेतला, विकणाऱ्याने "एकदम अख्खा" म्हणून दिला, घरी काठावर बोट फिरवलं तर एका जागी गार लागायच्या ऐवजी कोमट, प्लास्टिकसारखं लागलं. टवका भरून वरून रंग दिलेला होता. तेव्हापासून काठ चाचपल्याशिवाय मी पैसे काढत नाही. यूव्ही टॉर्च (अतिनील उजेडाचा, नोटा तपासायला वापरतात तसा) असेल तर अंधारात मारा, दुरुस्ती बऱ्याचदा वेगळी चमकते.

किंमत काढताना ऑनलाइन लावलेले आकडे बघू नका, कोणीही काहीही लावतं, ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा आणि तोच शिक्का, तीच नक्षी, तोच आकार असलेले चार-पाच व्यवहार बघा. मोठा आकार, ठळक रंग, लहान-मोठ्यांचा पूर्ण सेट, याला जास्त पैसे मिळतात. तडा असेल तर किंमत सपाटून खाली येते. 100 वर्षांहून जुना वाटत असेल तर परदेशी पाठवायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा, पुरातन वस्तूंसाठी 1972 चा कायदा आहे.

आणि विकायचा नसेल तरी त्यात ताक, लोणचं, चिंचेचं काही ठेवू नका. जुन्या ग्लेझमध्ये आणि रंगांत शिसं असू शकतं, आंबटाने ते सुटतं. माझ्या त्या निळ्या वाडग्यात सालासकट लसूण असतो.