‘हेच का घेतलं?’ या प्रश्नापुढे टिकणारा प्रोजेक्ट

मुलाखतीत प्रोजेक्टचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘काय केलंत’ असा असतो. त्यामागोमाग ‘हेच का घेतलं’ हा प्रश्न येतो आणि चांगले अभ्यासू उमेदवारही तिथे अडतात. ‘सरांनी सांगितलं’, ‘नेटवर सर्किट असंच होतं’ ही उत्तरं खरी असतील, पण त्यातून तुम्ही विचार कसा करता हे समोरच्याला कळत नाही. त्यासाठी नवा, मोठा प्रोजेक्ट हाती घ्यायची गरज नाही. आहे त्याच प्रोजेक्टमधल्या प्रत्येक मोठ्या निवडीमागे एक हिशेब हवा, आणि तो हिशेब ताडून पाहणारं एक मोजमाप हवं.

हे एका उदाहरणावर सविस्तर पाहू. बॅटरीवर चालणारं तापमान नोंदवणारं यंत्र घ्या: ईएसपी३२ (वाय-फाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप), डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, २५०० एमएएच (मिलिअँपियर-तास) क्षमतेचा एक १८६५० लिथियम-आयन सेल. दर १५ मिनिटांनी जागं व्हायचं, तापमान वाचायचं, वाय-फायवरून पाठवायचं आणि पुन्हा झोपायचं.

सुरुवात अपेक्षेपासून करा. ‘बॅटरी बरेच दिवस टिकावी’ ही अपेक्षा मोजता येत नाही. ‘एका चार्जवर ६ महिने’ ही मोजता येते. ६ महिने म्हणजे १८० दिवस, ४३२० तास. सेलची सगळी क्षमता हाती लागत नाही. थोडी आपोआप उतरते, थोडी शेवटच्या कमी व्होल्टेजमुळे वापरता येत नाही. म्हणून ८० टक्के धरा: २००० एमएएच. त्याला ४३२० ने भागलं की सरासरी ०.४६ मिलिअँपियर मिळतात. हे तुमचं बजेट. यापुढची प्रत्येक निवड या आकड्याशी जोडायची.

आता खर्च मांडा. जागेपणी सरासरी १२० मिलिअँपियर आणि ३ सेकंद धरले तर ९०० सेकंदांच्या चक्रात ते ०.४० मिलिअँपियर पडतात. डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून झोपल्यावर, चिप स्वतः १० मायक्रोअँपियरच्या आसपास घेते. बॅटरीचं व्होल्टेज वाचायला १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज निम्मं करणारी जोडी) लावला असेल तर ४.२ व्होल्टला तो एकटा २१ मायक्रोअँपियर खातो, म्हणजे झोपलेल्या चिपच्या दुप्पट. सेलच्या व्होल्टेजपासून चिपला स्थिर ३.३ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरचे स्वतःचे ५ मायक्रोअँपियर धरा. एकूण ०.४३६ मिलिअँपियर, म्हणजे साधारण १९१ दिवस. बजेटात बसलं, पण जेमतेम.

इथे थांबून हिशेब काय सांगतो ते बघा. डिव्हायडर १ मेगओहमच्या दोन रेझिस्टरांचा केला (आणि एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या, पिनला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला, नाहीतर वाचन डळमळतं) तर फक्त ९ दिवस वाढतात. त्यासोबत जागेपणही ३ सेकंदांवरून २ सेकंदांवर आणलं तर यंत्र २९० दिवसांपुढे जातं. मेहनत कुठे घ्यायची याचा निर्णय अंदाजावर सोडू नका. कोडमध्ये प्रत्येक टप्प्यावर मिलिसेकंद छापा: सेन्सर वाचला, वाय-फाय जोडलं, डेटा गेला. बहुतेक वेळा सर्वांत जास्त वेळ वाय-फाय जोडण्यात जातो. ठरलेला आयपी पत्ता देणं आणि राउटरचा चॅनल आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या मेमरीत) जपून ठेवणं, एवढ्यानेही तो बराच उतरतो.

सेन्सरमध्येही वेळ दडलेला आहे. डीएस१८बी२० ला १२ बिटचं एक वाचन करायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, १० बिटला १८७.५. १२ बिटला पायरी ०.०६२५ अंश, १० बिटला ०.२५ अंश. पण या सेन्सरची अचूकताच –१० ते ८५ अंशांत अधिक-उणे ०.५ अंश आहे. मग बारीक पायरीसाठी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ बॅटरी का जाळायची? रिझोल्यूशन (वाचनाची सर्वांत लहान पायरी) आणि अचूकता यांत गल्लत करणारे उमेदवार फार भेटतात. हे एक उत्तर नीट देता आलं तरी समोरचा सावरून बसतो.

रेग्युलेटरची निवड सर्वांत जास्त लोकांना पाडते, कारण तो डेव्हलपमेंट बोर्डवर आधीच बसलेला असतो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. पुष्कळ बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याचा स्वतःचा खर्च ५ मिलिअँपियरच्या घरात आहे. वरच्या हिशेबात तो घाला: सरासरी ५.४ मिलिअँपियर, म्हणजे ६ महिन्यांऐवजी १५ दिवस. शिवाय ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याला इनपुट आणि आउटपुटमध्ये साधारण १ व्होल्टहून जास्त फरक (ड्रॉपआउट) लागतो, म्हणजे इनपुटला ४.३ ते ४.४ व्होल्ट. पूर्ण भरलेला सेलसुद्धा ४.२ व्होल्टच देतो. त्यामुळे काही मायक्रोअँपियर खाणारा, ०.२ व्होल्टच्या आसपास ड्रॉपआउट असलेला आणि ५०० मिलिअँपियर देऊ शकणारा एलडीओ, म्हणजे कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर, घ्या. ५०० कशासाठी? वाय-फाय पाठवताना डेटाशीटप्रमाणे चिप २४० मिलिअँपियरपर्यंत ओढते, आणि रेग्युलेटर काठावर चालवायचा नसतो.

कागदावरचं झालं, आता मोजा. झोपेतला करंट मोजताना मल्टिमीटर मायक्रोअँपियर रेंजवर ठेवला की बोर्ड सुरूच होत नाही, आणि विद्यार्थी कोडमध्ये चूक शोधत बसतात. कारण मीटरमध्ये आहे: या रेंजला त्याचा आतला रोध पुष्कळदा १०० ओहम किंवा अधिक असतो. त्यातून १२० मिलिअँपियर जायचे तर १२ व्होल्ट तिथेच पडायला हवेत. उपाय सोपा आहे. मीटरच्या दोन टोकांना समांतर एक जंपर लावा, बोर्ड सुरू होऊन झोपू द्या, मग जंपर काढून वाचन घ्या आणि जागं व्हायच्या आत परत लावा. चाचणीपुरती झोप ६० सेकंदांची ठेवा म्हणजे घाई होत नाही.

जागेपणीचा करंट बदलता असतो, त्यासाठी मीटर कामाचा नाही. सेलच्या ऋण तारेत १ ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप लावा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर. या वेळी बोर्डची यूएसबी केबल लॅपटॉपमधून काढलेली हवी. लॅपटॉपचा चार्जर अर्थ केलेला असेल तर स्कोपच्या ग्राउंडमधून रेझिस्टर शॉर्ट होतो आणि पडद्यावर जवळजवळ शून्य दिसतं.

काय बिघडलं याचीही नोंद ठेवा; मुलाखतीत सर्वांत जास्त भाव तिला मिळतो. अशा यंत्रात नेहमी भेटणारे बिघाड असे: सेन्सर अचानक ८५ अंश दाखवतो. तो त्याचा पॉवर-ऑन आकडा आहे; म्हणजे रूपांतर पूर्ण होण्याआधी वाचलं गेलं किंवा मध्येच त्याचा पुरवठा गेला. उणे १२७ आलं तर सेन्सर बसवर (डेटाच्या तारेवर) सापडलेलाच नाही. तार किंवा ती तार ३.३ व्होल्टला जोडणारा ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर तपासा. वाय-फाय सुरू होताच बोर्ड रीसेट होतो आणि ब्राउनआउटचा (पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर कोसळल्याचा) संदेश येतो, तेव्हा ३.३ व्होल्टच्या पिनजवळ १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि ब्रेडबोर्डच्या लांब, सैल तारा कमी करा. वाय-फाय चालू असताना बॅटरीचं वाचन मिळत नसेल तर पिन एडीसी२ ची आहे. चिपमध्ये एडीसी१ आणि एडीसी२ असे दोन एडीसी असतात. मूळ ईएसपी३२ वर वाय-फाय त्या एडीसीच्या आड येतं, म्हणून एडीसी१ ची पिन घ्या.

नोंदीसाठी साधी स्प्रेडशीट पुरते: तारीख, काय बदललं, काय अपेक्षित होतं, काय आलं, फरकाचं कारण. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर ती नोंद निरुपयोगी.

मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी हीच शिस्त सिम्युलेशनला लावावी. रंगीत चित्र दाखवण्याआधी हाताने एक आकडा काढा. २०० मिमी लांबीची, २० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड पोलादी कँटिलिव्हर पट्टी (एकाच टोकाला जखडलेली), मोकळ्या टोकाला ५० न्यूटन: जडत्वाघूर्ण सुमारे २०८ मिमी चतुर्थ घात, लवचिकता गुणांक २०० गिगापास्कल धरला तर टोक ३.२ मिमी झुकेल आणि मुळाशी ताण १२० मेगापास्कल येईल. सॉफ्टवेअरचं उत्तर ३.२ च्या जवळ नसेल तर एकक, आधार किंवा भार चुकला आहे. मेश (सॉफ्टवेअर आकाराचे जे छोटे तुकडे पाडतं ती जाळी) बारीक करत जा: झुकाव एका आकड्यावर स्थिरावतो, पण जखडलेल्या कोपऱ्यातला कमाल ताण वाढतच राहतो. तो ताण खरा नसतो, तिथे गणितच अनंताकडे जातं. ‘कमाल ताण ३४० आला’ एवढंच सांगणारा उमेदवार पुढच्या प्रश्नाला अडकणार.

आता रेझ्युमे. ‘आयओटी आधारित तापमान निरीक्षण प्रणाली विकसित केली’ ही ओळ शंभर जणांच्या रेझ्युमेत असते. त्याऐवजी असं लिहा: ‘बॅटरीवरील तापमान-नोंदक, सरासरी करंट ५.४ वरून ०.२९ मिलिअँपियरवर आणला. रेग्युलेटर बदल आणि वाय-फाय जोडणीचा वेळ कमी करून.’ आकडा मात्र तुम्ही स्वतः मोजलेलाच हवा. हिशेबातला असेल तर ‘अंदाजित’ असं स्पष्ट लिहा. हा प्रामाणिकपणा अनुभवी माणसाच्या लगेच लक्षात येतो.

गटाचा प्रोजेक्ट असेल तर ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळे ठेवा. ‘पीसीबी मित्राने केला, पॉवरचा भाग माझा’ असं म्हटल्याने तुम्ही लहान होत नाही. प्रश्न तुमच्या भागावर येतात आणि तिथे तुम्ही पक्के असता. उत्तर माहीत नसेल तेव्हा ‘मोजलेलं नाही, पण मोजायचं झालं तर असं मोजेन’ असं सांगून पद्धत मांडा.

मुलाखतीला जाताना एकच कागद सोबत ठेवा: वर ब्लॉक डायग्राम, मध्ये करंटच्या खर्चाचा तक्ता, खाली जागेपणीच्या करंटचा स्कोपवरचा फोटो. बोलणं अडलं तर तो पुढे सरकवा आणि तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून सांगायला लागा.