मॉन्सून्ड मलबार भाजताना झालेली चूक
वडोदऱ्यात घरी मॉन्सून्ड मलबार या कॉफीचे दाणे प्रथम लोखंडी कढईत भाजले, तेव्हा ते बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले आणि कॉफीला गवताचा वास आला. मलबार किनाऱ्यावरच्या दमट पावसाळी वाऱ्यात कित्येक आठवडे ठेवल्याने हा दाणा फुगून फिकट पिवळा आणि हलका होतो, म्हणून त्याला सुरुवातीची तीव्र आच सोसत नाही. पुढच्या खेपेला 100 ग्रॅमच दाणे घेऊन आच मंद ठेवली आणि उलथणे सतत फिरवले. याचा पहिला तडतडाट, म्हणजे तापलेले दाणे तडकू लागल्याचा आवाज, अगदी दबका असतो. तो ऐकू यावा म्हणून आईने तेवढा वेळ कुकर लावला नाही, ही मदत मोलाची ठरली. दाणे चिंचोक्याच्या रंगावर येताच पितळी चाळणीत ओतून पंख्याखाली गार केले. चार दिवसांनी प्यायलेली कॉफी दाट होती, आंबटपणा जवळजवळ नव्हता आणि जिभेवर जायफळासारखी चव रेंगाळली.