औषधांच्या नावातला ‘झोल’

नर्सिंग, फार्मसी, मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, कुठल्याही दारानं या क्षेत्रात या, सुरुवातीलाच कुणीतरी मोठ्या मनानं गुरुकिल्ली हातात ठेवतं: ‘अगं, शब्द पाठ करत बसू नकोस, शेपटी ओळख.’ आयटिस म्हणजे दाह. ओलॉल दिसलं की बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारं औषध; स्टॅटिन दिसलं की कोलेस्टेरॉल. हे खोटं नाही. आजार आणि शस्त्रक्रियांच्या नावांना तर बऱ्यापैकी लागू पडतं, म्हणून तिथे वेळ घालवत नाही. फक्त एक्टमी, ऑटमी, ऑस्टमी हे त्रिकूट मोठ्यानं म्हणून वेगळं करा: काढून टाकणं, छेद देणं, बाहेर उघडणारी वाट करणं.

औषधांकडे आलं की मात्र ही शेपटी चावते. मी अडकले ती झोलवर. नावातच कबुली आहे म्हणा ना!

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही जठरातलं आम्ल कमी करणारी. एवढं पाठ झालं की मन परस्पर ठरवून टाकतं, झोल म्हणजे ॲसिडिटी. मग फ्लुकोनाझोल येतं, ते बुरशीवर. मेट्रोनिडाझोल काही जिवाणूंवर आणि अमीबासारख्या परजीवींवर. अल्बेन्डाझोल जंतांवर. कार्बिमाझोल थायरॉईडचं हार्मोन कमी करतं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणं रोखतं, म्हणून स्तनाच्या कर्करोगात देतात. आणि ॲरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियावर! शेपटी एक, कामं सात.

असं का, तर अझोल हा मुळात रसायनशास्त्रातला शब्द आहे: नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं वलय. रेणूत ते वलय आहे, एवढंच ही शेपटी सांगते. तो रेणू शरीरात जाऊन काय करतो, त्याबद्दल ती गप्प. ॲरिपिप्राझोलमध्ये तर ते वलयही नाही. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांची आंतरराष्ट्रीय सामान्य नावं प्रसिद्ध करते आहे. त्या पद्धतीत ओळखीची खूण बरीच लांब असते: प्राझोल, कोनाझोल, निडाझोल, बेन्डाझोल, ट्रोझोल. म्हणजे नुसता झोल पाहून थांबायचं नाही, मागे सरकत वाचायचं. प्राझोल सापडलं तरी आणखी एक अक्षर मागे बघा, कारण पिप्राझोलच्या पोटातही प्राझोल दडलेलं असतं आणि ते मनोविकारांवरचं निघतं. मायसिनचीही तीच गत. ॲझिथ्रोमायसिन जंतुसंसर्गावर, ब्लिओमायसिन कर्करोगावर.

दचकू नका. अशी फसवी कुटुंबं मोजकीच आहेत. रक्तदाबावरची प्रिल आणि सार्टन ही गुणी मुलं, त्यांच्यावर विसंबायला हरकत नाही.

रंगीत तक्ते आणि ‘एका रात्रीत पाचशे शब्द’ छापाचे व्हिडिओ यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. ते शेपट्याच विकतात. ‘आधी पाठ कर, समजेल नंतर’ म्हणणाऱ्या सिनियरपासूनही चार हात लांब राहा. त्यापेक्षा वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरना विचारा, त्या नावापाठोपाठ पेशंटमध्ये काय बघायचं तेही सांगतात. प्रत्येक औषधापुढे एक क्रियापद लिहायची सवय मला तिथेच लागली. मेटोप्रोलॉल: हृदयाची गती कमी करतं. हे लिहिलं की ब्रॅडीकार्डिया, म्हणजे मिनिटाला साठपेक्षा कमी ठोके, हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. लिसिनोप्रिल: रक्तदाब उतरवतं, पण पोटॅशियम चढवू शकतं. म्हणून हायपरकॅलेमिया, म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढणं. इथे ‘कॅल’ ऐकून कॅल्शियमकडे धावू नका. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम, त्यावरून हा शब्द आला. कॅल्शियम वाढलं तर हायपरकॅल्सेमिया. प्रौढांच्या रक्तात पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं, ते फार वाढलं तर हृदयाचा ठेका बिघडतो. हा फरक कळलाच पाहिजे, इथे सूट नाही.

बाकी गोंधळ उडाला तर स्वतःला मठ्ठ समजू नका. अमेरिकेत २०१६ मध्ये ब्रिंटेलिक्स या नैराश्यावरच्या औषधाचं नाव बदलून ट्रिंटेलिक्स करावं लागलं, कारण प्लेटलेट्सची गुठळी होऊ न देणाऱ्या ब्रिलिंटाशी त्याची गल्लत होत होती. लिहून देणारे आणि काउंटरवरून देणारे, दोघेही शिकलेलेच होते.

मी अजूनही फोनवर औषधाचं नाव ऐकलं की अक्षर-अक्षर करून परत म्हणून दाखवते आणि ‘कशासाठी?’ असं विचारते. समोरचा कधी वैतागतो. वैतागू द्यावं. पेशंटला ॲसिडिटी आणि कागदावर फ्लुकोनाझोल, हे त्या एका प्रश्नात पकडता येतं.